उजव्या बरगडीखालचा आवाज

बाबा गेल्याला सत्तावीस दिवस झाले होते आणि दुकानातून तो आवाज रोज दुपारी येत होता.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांच्या मागे अकरा मशिनं राहिली होती, प्रत्येकाच्या चाकाला दोऱ्याने बांधलेलं कार्ड, कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तक्रार. दुपारी जेवणं आटोपली, रस्त्यावरची वर्दळ ओसरली की आवाज सुरू व्हायचा. सुक्या चामड्यावर चामडं घासावं तसा. एकदा घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. आत जाणारा श्वास, बाहेर येणारा श्वास. मी उठून दुकानात जायचे. पट्टे उतरवलेले, चाकं स्थिर, काहीही हलत नसायचं. मी श्वास रोखून ऐकायचे. तेव्हा तोही थांबायचा. श्वास सोडला की दोन-तीन श्वासांनी पुन्हा सुरू.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. भुतांच्या गोष्टी कोणत्या कपाटात ठेवायच्या ते मला ठाऊक आहे, आणि त्या कपाटाला मी कधी घाबरले नाही. पण हा आवाज मी ओळखत होते. बाबा जिवंत असताना, त्यांच्या पाठीला कान लावून मी तो ऐकला होता.

त्या दिवशी मी दुकानातून परत येत होते, तेव्हा मधल्या खोलीच्या दारात समोरच्या घरातला बस ड्रायव्हर उभा होता. मधली खोली आईची. तिथे एक उंच, अरुंद पलंग आहे, त्यावर आई चाळीस वर्षं लोकांच्या आखडलेल्या माना, मुरगळलेले पाय आणि धरलेल्या कमरा मोकळ्या करत आली. गल्लीतले सगळे तिला काकू म्हणतात.

“काकू, मान बघा की जरा,” ड्रायव्हर म्हणत होता. “उजवीकडे वळतच नाही. सकाळी एका म्हाताऱ्याने हात केला, मला दिसलाच नाही. बिचारा पुढच्या स्टॉपपर्यंत पळत आला आणि चढल्यावर माझा उद्धार केला.”

“दवाखान्यात जा,” आई म्हणाली.

“जाऊन आलो. गोळी दिली आणि म्हणाले, मान वळवू नका. आता ड्रायव्हरने मान वळवायची नाही तर काय डोळे मिटून चालवायची?”

आई हसली नाही. तिने दोन्ही हात काखेत धरले होते, चटका बसल्यासारखे. “माझे हात आता चांगले नाहीत रे. दुसरीकडे जा.”

तो तिसऱ्यांदा परत चालला होता. जाताना मला हळूच म्हणाला, “ताई, काकूंना झालंय तरी काय?”

मला माहीत होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, बाबा गेल्याचं कळलं त्या क्षणी, आई स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाली होती, “मीच दाबून दाबून दुखणं आत ढकललं.” त्यानंतर तिने कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता. माझ्यासुद्धा नाही. चहाचा कप द्यायचा तरी टेबलावर ठेवायची, माझ्या हातात द्यायची नाही.

आणि तिच्या हातांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. खरं काय ते मी सांगितलं असतं तर तिचे हात तिला परत मिळाले असते. पण खरं सांगायचं म्हणजे त्या बुधवारी मी काय केलं तेही सांगायला लागणार होतं. मग मला आई उरेल की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून मी सत्तावीस दिवस गप्प होते.

सुरुवात साध्या सर्दी-तापाने झाली. ताप उतरून आठवडा होतो न होतो तोच, एका मशीनचा स्क्रू पिळताना बाबांनी उजव्या बरगड्यांवर हात ठेवला. “उसण भरली वाटतं,” म्हणाले. पण उसण हलल्यावर दुखते, हे श्वास घेतल्यावर दुखत होतं. खोल श्वास घेतला की कळ यायची, रोखला की जायची. खोकला आला की ते टेबलाची कड धरायचे. शिंक येणार असं वाटलं की आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहायचो. कधी कधी कळ उजव्या खांद्यापर्यंत चढायची, म्हणून आईने दोन संध्याकाळी खांदा आणि कूस चोळून दिली. झोपायचे तेही दुखऱ्या कुशीवर. बरगड्या दबल्या की हलत नाहीत, तेवढं बरं वाटतं, असं सांगायचे. ते इतका थोडा थोडा श्वास घ्यायचे, जसा आपण फार गरम चहाचा घोट घेतो.

“मास्तरीण, हसवू नकोस,” मला म्हणायचे. शाळेत नोकरी म्हणून मी मास्तरीण. “हसलं की आत कुणीतरी सुरी फिरवतं.”

“मी कुठे हसवलं?”

“तुझं तोंडच तसं आहे,” असं म्हणून स्वतःच हसायचे आणि कळवळायचे.

सोमवारी मी त्यांना आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याच वयाच्या. त्यांनी बाबांच्या पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला सांगितला, रोखायला सांगितला, पुन्हा घ्यायला सांगितला. मग म्हणाल्या, “प्लुरसी आहे. फुफ्फुसावर एक पातळ पडदा असतो आणि बरगड्यांच्या आतून दुसरा. मध्ये नावापुरता ओलावा. त्यामुळे श्वास घेताना ते एकमेकांवरून सरकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यांना सूज आली की खरखरीत होतात आणि दर श्वासाला घासतात. म्हणून दुखतं.”

“आवाज येतो?” बाबांनी विचारलं. दुखणं बाजूलाच राहिलं, त्यांचे डोळे चमकले.

“येतो. ऐकायचाय?”

“मला माझ्या पाठीमागचं कसं ऐकू येणार? हिला द्या. हिचा कान तयार आहे.”

नळीतून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. आत जाताना घासणं, बाहेर येताना घासणं. “श्वास रोखल्यावर थांबला ना?” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे तो फुफ्फुसाकडचा. थांबला नसता तर हृदयाच्या आवरणाचा समजला असता.”

“झालं कशामुळे?” मी विचारलं.

“तेच शोधायचंय. साधा विषाणू असेल तर पंधरा दिवसांत आपोआप जाईल. पण खाली न्यूमोनिया असू शकतो. क्षय असू शकतो. पायातली रक्ताची गुठळी वर गेलेली असू शकते. सांध्यांच्या काही आजारांत होतं, कधी गाठीमुळेही होतं. प्लुरसी हा नुसता निरोप आहे, धाडलाय कुणी ते बघायला हवं. गुरुवारी हॉस्पिटलात छातीचा फोटो काढा, रक्त तपासा. मध्येच दम लागला किंवा ताप चढला तर गुरुवारची वाट बघू नका.”

परत येताना बाबा डॉक्टरांवर खूश होते. “बाई कामाच्या आहेत. आधी ऐकलं, मग उघडू म्हणाल्या.”

कारण त्यांचीही रीत तीच होती. मशीन आलं की ते लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक मशीनच्या अंगावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडावर. दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवायचे. कुठे शटल घासतंय, कुठे दांडा कोरडा पडलाय, हे न उघडता सांगायचे. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला ते शिकवलं. दुरुस्ती झाली की पुन्हा ऐकायचं, आणि आवाज गेला असेल तर कार्डावर तक्रारीखाली एकच शब्द लिहायचा: गप्प. ते कार्ड बघून गिऱ्हाईक मशीन घेऊन जायचं. कित्येकदा बाबा टेबलावरून ओरडायचे, “मास्तरीण, एकदा तूही ऐक,” आणि मी गप्प म्हटल्यावरच लिहायचे.

बुधवारी सकाळी ते उठले आणि बिछान्यात बसूनच त्यांनी एक मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. मग मुद्दाम खोकून बघितलं. “गेलं!” ते ओरडले. “अगं, गेलं!”

आई स्वयंपाकघरातून आली. तिचा चेहरा फुलून आला होता. “मग? दोन दिवस कूस कुणी चोळली? डॉक्टर काय करणार, नुसत्या नळ्या लावणार.”

थोड्या वेळाने बाबांनी मला दुकानात बोलावलं आणि मधलं दार लोटलं. शर्ट वर केला, माझ्याकडे पाठ केली. “ऐक,” म्हणाले.

मी कान टेकवला. सोमवारी जिथे घासत होतं तिथे, उजव्या बरगड्यांखाली. तिथे काहीच नव्हतं. घासणं नव्हतं, आणि मी हेही ऐकलं की तिथे श्वाससुद्धा नव्हता. डावीकडे श्वासाची ये-जा स्वच्छ येत होती, उजवीकडे खाली शांत. हे मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं मी कधीच म्हणू शकणार नाही. मी त्याचा अर्थ आम्हाला सवयीचा होता तोच लावला.

“गप्प,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

“मग उद्या उघडायचं कशाला?” त्यांनी शर्ट खाली ओढला. शुक्रवारी गणवेश शिवणाऱ्यांची चार मशिनं द्यायची होती. आणि हॉस्पिटलची त्यांना भीती वाटायची, ते कधी बोलले नाहीत, पण मला माहीत होतं. “आई ऐकायची नाही. तिला सांग, डॉक्टरांचा फोन आला होता. बरं वाटत असेल तर पुढच्या आठवड्यात या, असं म्हणाल्या.”

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला तसं सांगितलं. माझा आवाजही बदलला नाही. लहानपणापासून त्यांच्या बाजूने छोटं-मोठं खोटं बोलायची मला सवय होती, आणि खरं सांगायचं तर त्यात मजा यायची.

गुरुवारी दुकानाच्या दोन पायऱ्या चढून ते थांबले. “वय झालं,” म्हणाले. शुक्रवारी चारही मशिनं गेली, प्रत्येकावर गप्प लिहिलेलं. शनिवारी संध्याकाळी हुडहुडी भरली. रविवारी त्यांना वाक्य पुरं करता येईना, तीन शब्दांवर श्वास संपायचा. हॉस्पिटलातल्या फोटोत उजवी बाजू अर्ध्यापर्यंत पांढरी होती. पाठीतून सुई घालून दीड लिटर काढलं. ते पाणी नव्हतं, गढूळ होतं, त्यात पू झाला होता. खाली न्यूमोनिया होता.

तिथले डॉक्टर नळी बसवून बाहेर आले आणि आम्हा दोघींना म्हणाले, “मध्ये दुखायचं थांबलं होतं का? बऱ्याचदा तसं होतं. दोन पडद्यांच्या मध्ये पाणी साचलं की ते घासत नाहीत. दुखत नाही, आवाजही जातो. लोकांना वाटतं, बरं झालं.”

आईने त्यातलं फक्त ‘थांबलं होतं’ एवढंच ऐकलं असावं. ती हातांकडे बघू लागली.

मला मात्र तिथे उभ्या उभ्या बाबांचं जुनं बोलणं ऐकू आलं. काही गिऱ्हाइकं मशीन कुरकुरू लागलं की भसाभस तेल ओतायची. त्यांच्यावर बाबा वैतागायचे. “तेलाने आवाज दबतो, झीज चालूच राहते. एका दिवसात गप्प झालेलं मशीन जास्त वेळ ऐकायचं असतं.” हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. बुधवारी ते मला आठवलं नाही. त्यांनाही नाही.

संसर्ग रक्तात पसरला. सहाव्या दिवशी सकाळी ते गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सांगितलं, “मला घासल्याचा आवाज येतो.”

त्यांनी मला पुढून, मागून, कुशीतून तपासलं. बराच वेळ लावला. “तुमची फुफ्फुसं स्वच्छ आहेत. दुखतं का काही?”

“नाही.”

“मग आवाज कुठे येतो?”

“घरात.”

त्यांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि वाट बघत बसल्या. तेव्हा मी विचारलं, “गुरुवारी आणलं असतं तर?”

मनाला लावून घेऊ नका, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. “गुरुवारी फोटोत पाणी दिसलं असतं. त्याच दिवशी काढलं असतं, औषध शिरेतून सुरू केलं असतं. अशा वेळी बहुतेक जण वाचतात. तुमचे वडील वाचलेच असते असं मी लिहून देणार नाही. पण विचारलंत म्हणून सांगते.”

“आणि मालीश? त्याने वाढलं असेल?”

“हात बरगड्यांच्या आत कसा जाईल? मालीशने ना बरं झालं ना वाईट.”

“हे तुम्ही माझ्या आईला सांगाल?”

“सांगेन. पण मग त्या मला विचारतील, गुरुवारी का नाही आणलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

घरी आले तेव्हा आई मधल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. कुणी वापरत नव्हतं तरी ती दर आठवड्याला ते धुवायची. दुपार कलली होती. दुकानातून आवाज येत होता.

“आई, त्या बुधवारी डॉक्टरांचा फोन आला नव्हता.”

तिने घडी पुरी केली. “कोणता फोन?”

“पुढच्या आठवड्यात या, असं सांगणारा. मी खोटं बोलले. बाबा म्हणाले तसं सांग, मी सांगितलं. त्याआधी त्यांनी मला ऐकायला लावलं होतं. पाठीला कान लावून. मीच म्हटलं, गप्प.”

मग मी सगळं सांगितलं, पडदे, पाणी, दुखणं का थांबलं ते. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिने दुसरा टॉवेल घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“मला का नाही विचारलं त्यांनी?”

“तू नेलंच असतंस म्हणून.”

“नेलं असतं. कान धरून नेलं असतं.”

“हो.”

“डॉक्टरांना विचारलंस, नेलं असतं तर काय झालं असतं?”

“आत्ता विचारून आले.”

“काय म्हणाल्या?”

इथे मला थोडं मऊ बोलता आलं असतं. “बहुतेक वाचले असते,” मी म्हटलं. “आणि तुझ्या हातांनी काही झालं नाही. हात तिथवर पोचतच नाहीत.”

आईने टॉवेल पलंगावर ठेवला. हात उलटसुलट करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मी ओरडण्याची वाट बघत होते. ती शांतपणे म्हणाली, “त्यांच्यापायी एकदा खोटं बोललीस, ते मी समजू शकते. मीही बोललेय. पण अठ्ठावीस दिवस मी हे हात घेऊन बसले होते आणि तू बघत होतीस.”

“हो.”

“त्या ड्रायव्हरला मी तीनदा परत पाठवलं. तू दारात उभी होतीस.”

ती उठली, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून समोर गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. थोड्या वेळाने दोघांचे पाय वाजले, पलंग कुरकुरला.

“एवढी आखडेपर्यंत काय करत होतास? बस काय मानेने ढकलतोस?”

“तुम्हीच हाकलत होतात, काकू. आई आई आई! हळू!”

“ओरड. ओरडायला पैसे लागत नाहीत.”

“तुटेल ना!”

“तुटली तर दुसरी बसवू.”

नंतर ड्रायव्हरचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीतला. “काकू, अहो, नाही दुखलं फार. तुम्ही कशाला रडताय?”

त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझं ताट वाढून ठेवायची आणि मधल्या खोलीत जायची. ड्रायव्हरने गल्लीभर सांगितलं असावं, कारण लोक येऊ लागले होते. भिंतीपलीकडून त्यांची कण्हणी आणि आईचे टोमणे ऐकत मी जेवायचे. सांगून टाकल्यावर दुकानातला आवाज थांबेल असं मला कुठेतरी वाटलं होतं. थांबला नाही. दोन्ही दुपारी आला.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात कार्डं बघत होते, गिऱ्हाइकांना मशिनं परत न्यायला सांगायचं होतं. आवाज सुरू झाला. तेवढ्यात मधलं दार उघडलं आणि आई आत आली. बाबा गेल्यापासून तिने या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. ती मान किंचित कलती करून उभी राहिली. मी नेहमीसारखा श्वास रोखला.

“सोड,” आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

“श्वास कशाला धरतेस? धरला की तोही थांबतो. माहीत आहे मला.”

“तुला कधीपासून ऐकू येतोय?”

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. “वाकून वाकून खांद्याचं लाकूड झालंय तुझ्या,” म्हणाली आणि तिचे दोन्ही अंगठे माझ्या पाठीत रुतले. गरजेपेक्षा जास्त जोर होता. डोळ्यांत पाणी आलं तरी मी हलले नाही.

“दुखतंय?”

“हो.”

“दुखू दे.”

तिने जोर कमी केला नाही आणि हातही काढला नाही.